पाच कोनांचा डोळा

१

मुळगावात सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू वळणावर वाजायचा, त्याच सुमाराला सेजल खाणीच्या तळ्यावरून परत यायची. खांद्याच्या कापडी पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, चपलांना लाल चिखल. तिचे वडील बाबली पडवीत चहात पाव बुडवत बसलेले असायचे, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला.

“आणलंस गो तीर्थ?”

“आणलंय बाबा. पण तुमच्या पापांक पुराचा नाय.”

बाबा हसायचे आणि उरलेला पाव फणसाखालच्या टिप्पर ट्रकवर बसलेल्या कावळ्यांकडे भिरकावायचे. तो टिप्पर त्यांनी वीस वर्षं चालवला होता. खाण बंद पडली तसा तोही थांबला. आता त्याच्या चाकांतून घोसाळ्याचा वेल वर चढला होता. ज्या खड्ड्याच्या तळाला बाबा दिवसातून आठ वेळा गाडी घेऊन उतरायचे, तिथे आता साठ फूट हिरवं पाणी उभं होतं. गाव त्याला मेलेलं पाणी म्हणायचं. शेतीला घ्यायचं, पण नाक मुरडून.

सेजलला त्या पाण्यासाठीच परत यायचं होतं. फ्रान्समध्ये सहा वर्षं शिकताना तिने जगभरच्या तळ्यांतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आपल्या गावचं तेवढं राहिलं होतं. मोठ्या शहरातली नोकरी नाकारून ती आली, घराच्या पुढच्या खोलीत मेज मांडलं, जुना सूक्ष्मदर्शक बसवला. गावच्या पाण्यात काय आहे ते गावातल्याच माणसाने शोधावं, आणि शाळेतल्या मुलांनी येऊन बघावं, असा तिचा हट्ट होता. तीन महिन्यांत तिला हवं ते सापडलंही. पाण्यातल्या अमीबांच्या पोटात विषाणू होते. साधे नव्हेत, राक्षसी. एवढे मोठे की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ठिपक्यासारखे दिसावेत.

त्या दिवशी तिने आईला, सुमंगलाला, मेजाजवळ बसवून ते दाखवले.

“ह्यो चोर नाय हां आये. चोर घर फोडता. ह्यो सरळ दारातून आत येता. मग घरात एक कारखानो घालता आणि घरातल्यांकच कामाक लावता. घरातल्याच सामानातून आपल्यासारखे शंभर बनवता.”

“म्हणजे पावणो,” आई भिंगाला डोळा लावून म्हणाली. “आणि घरवाल्याक कळणा नाय?”

“शेवटपर्यंत नाय. तो जेवता, फिरता, सगळा नेहमीसारखा.”

“तुझ्या बापाशीसारखो,” आई म्हणाली, आणि पडवीतून बाबा ओरडले, “ऐकलंय हां मी!”

२

अमीबांना तांदूळ आवडतो. तळ्याच्या पाण्यात चार दाणे टाकून अंधाऱ्या, गार जागी ठेवले की दाण्याभोवती जंतू जमतात, जंतूंमागे अमीबा येतात, आणि अमीबांबरोबर त्यांच्या पोटातले पाहुणे. पुढची खोली पत्र्यामुळे तापायची, म्हणून सेजलने दोन मोठ्या बरण्या स्वयंपाकघरात, मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. दोन्हींत तळ्याचं पाणी, तळाशी मूठमूठ उकडे तांदूळ. झाकणावर तिने लाल शाईने तारीख आणि आकडे लिहिले होते. दुसरं काही लिहायचं तिला सुचलं नाही.

कामासाठी दोन दिवस पणजीला राहून ती घरी आली, तेव्हा त्या बरण्या अंगणात, उन्हात उपड्या घातलेल्या होत्या. घासून लख्ख.

“आये, तांदूळ खय गेले?”

“ते? दोन दिस तसेच भिजत पडलेले. आंबाक लागलेले. म्हटलं, फुकट कित्याक घालवचे? माझ्या तांदळात घातलंय आणि वाटलंय.” आईने हात पदराला पुसले. “घावणे काय हलके झाले सांगू तुका! देवकीकडे ताट धाडलंय. ती पण विचारीत होती, काय घातलंस म्हणून.”

सेजल मोरीच्या कठड्यावर बसली. आधी तिने त्या लख्ख बरण्यांकडे पाहिलं, मग तिला हसू आलं. तव्यावर काही जगत नाही. आणि जगलं असतं तरी हे विषाणू अमीबाचे, माणसाशी त्यांचा संबंध नाही; हे तिने स्वतः कित्येकदा सांगितलं होतं. तरी तिने वहीत नोंद केली. आई, बाबा, शेजारची देवकी. तिच्या घरून ताट पुढे कुणाकडे गेलं ते माहीत नाही. देवकीचा मुलगा अक्षय वेर्ण्याच्या कारखान्यात असतो, शनिवारीच येतो. त्याने खाल्लं नाही. आपण खाल्लं नाही.

तिने तीन दिवस सगळ्यांवर लक्ष ठेवलं. ताप नाही, जुलाब नाही. देवकीने रिकामं ताट कसं परत करायचं म्हणून भोपळ्याची फुलं घालून आणून दिलं. चौथ्या दिवशी सेजलने वहीत लिहिलं, ‘काहीही नाही.’

लिहिताना तिला एक गोष्ट आठवली होती, पण तिने ती झटकली. विषाणू पेशीत शिरला की आधी दिसेनासाच होतो. काही तास कितीही शोधा, सापडत नाही. पेशी अगदी निरोगी दिसते. तिच्या फ्रान्सच्या प्रयोगशाळेत त्या वेळेला ग्रहण म्हणायचे.

३

आठव्या दिवशी ती तळ्यावरून आली, तेव्हा बाबांनी तीर्थाचं विचारलं नाही.

ते पडवीत मांडी घालून बसले होते. समोर बांबूच्या कामट्यांचा ढीग. चहा बाजूला निवला होता, पाव तसाच. डाव्या हाताच्या दोन बोटांत कामटी धरून ते कोयतीने तिची पातळ साल काढत होते. टिक. टिक. टिक. आवाज इतका सारख्या अंतराने येत होता की तिने नकळत पाऊल त्याच्याशी जुळवलं.

“बाबा, ह्या काय?”

“माटोळी.”

चवथ तीन आठवड्यांवर होती. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायची माटोळी दर वर्षी लाकडाच्या जुन्या चौकटीचीच असायची. चौकट माळ्यावर होती. आणि बाबांनी जन्मात बांबू विणला नव्हता. गिअर आणि स्टिअरिंग सोडलं तर त्यांच्या हातांना खिळा ठोकणंही जमत नसे. पण विण सुरेख होती. सहा कोनांचा एक डोळा, त्याला लागून दुसरा, तिसरा, मधाच्या पोळ्यासारखे. एकही कामटी वाकडी नाही.

मग तिला तो दिसला. सहांच्या गर्दीत एक डोळा पाच कोनांचा होता.

“हय चुकलात बाबा. बघा, एक कोन कमी पडलो.”

बाबांनी वर पाहिलं. चेहरा शांत, थोडा नवल वाटल्यासारखा.

“चूक नाय ती. थय वळता.”

त्यांनी विणलेला तुकडा उचलून धरला. पाच कोनांच्या डोळ्यापाशी विण फुगली होती, आणि तिथून पुढे आत वळायला लागली होती.

सेजल तुकड्याजवळ वाकली. सहा-सहाच्या डोळ्यांची जाळी कितीही विणा, चटईसारखी सपाटच राहते. तिला वळवायचं तर मध्ये पाच कोनांचा डोळा घालावा लागतो. असे बारा डोळे घातले की जाळी चहूकडून बंद होते, पोकळ आणि पूर्ण. अकरांनी भागत नाही. टोपली हाताएवढी असो की डोंगराएवढी, हिशेब बदलत नाही. तिच्या विषाणूंचं कवच असंच असतं. त्यावर तिने चार वर्षं घालवून प्रबंध लिहिला होता, आणि ते या घरात तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

“तुमका शिकवला कोणी?”

“शिकवतलो कोण? हातांक येता,” बाबा म्हणाले, आणि नवी कामटी उचलली. टिक. टिक.

४

तिने स्वतःला समजावलं. टोपल्या विणणाऱ्यांना पाच आणि सहाचा हा हिशेब विषाणूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. बाबांचं बालपण दोडामार्गकडचं; लहानपणी कुणाला विणताना पाहिलं असेल, म्हातारपणी हाताला आठवलं. हे तिला पटलं. संध्याकाळपर्यंत पटलेलं राहिलं.

संध्याकाळी विणकाम पडवीत नव्हतं. बाबांनी ते मागच्या, भात साठवायच्या खोलीत नेलं होतं. आता ते कोयतीसारखं अर्धगोल दिसत होतं, सेजलच्या खांद्याएवढं उंच, जमिनीवर काहीही टेकू न देता उभं. विषाणूच्या कारखान्यात कवचाची पहिल्यांदा दिसते ती अशीच अर्धी, उघडी चंद्रकोर. अंधाऱ्या पेशीत दहा-वीस चंद्रकोरी तरंगत असतात, आणि हळूहळू एकेक मिटत जाते. तिने कित्येक छायाचित्रं काढली होती तिची.

बांबू संपला तेव्हा बाबांनी माळ्यावरची माटोळीची चौकट फोडली. मग खाटेच्या पट्ट्या निघाल्या. मग खिडकीच्या फळ्यांच्या कामट्या झाल्या. घरातली एकेक वस्तू मागच्या खोलीत जाऊ लागली, आणि कचरा म्हणून चिमूटभरही बाहेर पडेना.

आई तिथेच उंबऱ्यावर बसायची. तिने आधी गोधड्या उसवल्या. त्यांतले जुन्या लुगड्यांचे तुकडे निघाले ते फाडून पट्ट्या केल्या, आणि पट्ट्यांचा दोर वळायला घेतला. दोन पदरी, एकमेकांना पीळ देत जाणारा. सर्र, सर्र. तिच्या मांडीवर दोराचं वेटोळं वाढत जायचं आणि सकाळी ते तिथे नसायचं.

“आये, पांघराक काय उरला नाय घरात.”

“थंडी खय असा गो?” आई हसून म्हणाली. हसणं तिचंच होतं. “जा, तुझ्या अमीबांक बघ. ते तरी एकाचे दोन होतत. तू एकटीच रवतलंस जन्मभर.”

अशी ती बोलली की सेजलला हायसं वाटायचं. रात्रीची जेवणं व्हायची. आमटीत मीठ बरोबर असायचं. बाबा देवकीच्या नवऱ्याची नक्कल करायचे. फक्त जेवताना दोघांचीही बोटं ताटाच्या कडेवर हलत असायची. एक खाली, एक वर, एक खाली.

ती त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेली. डॉक्टरीण बाईंनी सगळं तपासलं.

“बाबलीमाम, तुमचं प्रेशर दहा वर्षांत एवढं चांगलं नव्हतं. करताय काय?”

“काय नाय. टोपली विणतंय.”

“मग मला पण एक द्या.”

“देतंय मगे,” बाबा म्हणाले. “सगळ्यांक देतलंय.”

घरी येऊन सेजलने त्यांच्या बोटातलं थेंबभर रक्त काचेवर घेतलं आणि दोन तास बघत राहिली. काही नव्हतं. सगळं जिथल्या तिथे, गोल, निरोगी. ती मेजावरून उठली आणि मागच्या खोलीत जाऊन पाच कोनांचे डोळे मोजले. आठ झाले होते.

५

शनिवारी ती देवकीकडे गेली. दार अर्धंच उघडं होतं.

“येय गो सेजल. बरी मगे?” देवकी दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. तिच्या मागच्या भिंतीवर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात सावलीची जाळी होती. सहा कोन, सहा कोन. आतून एक आवाज येत होता. टिक. टिक.

“काका काय करतत?”

“काय करतले? चवथीची तयारी.”

अक्षय पारावर मोबाइल घेऊन बसला होता. शाळेत सेजलच्या मागे दोन वर्षं असलेला, सगळ्याची थट्टा करणारा मुलगा. त्या दिवशी थट्टा करताना त्याची नजर घराकडे जात होती.

“तुमच्याकडे पण टोपली?” त्याने विचारलं.

“हो.”

“आमच्याकडे मोटरसायकल राहील तेवढी झाली. बाबांना म्हटलं, गणपती बसवणार की हत्ती?” तो हसला, मग थांबला. “आई बरी आहे गं. खुशीत आहे. पण परवा मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर वेर्ण्याला, चार दिवस. तर म्हणाली, अजून नाय. झाली की येतंय.”

“काय झाली की?”

“तेच विचारलं. ती म्हणाली, मी.”

सेजलने त्या अर्ध्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग अक्षय उठून पँट झटकत म्हणाला, “वय झालं की माणसं काहीही बोलतात.” सेजलने मान हलवली. तिलाही तेच म्हणायचं होतं.

परत येताना तिला कळलं की आपण आता एकच गोष्ट ठरवलेली आहे. बाबा त्या कोयतीपासून हलणार नाहीत. पण आई उंबऱ्यावर बसते, उंबऱ्याच्या बाहेर. ती आत जायच्या आधी तिला इथून काढायचं. पेडण्याच्या वाटेवर पार्श्याला चंद्रावती मावशी आहे, आईची धाकटी बहीण. काजूची बाग, मोकळं घर, मुळगावपासून दोन बस लांब. कारखाना थांबवता आला नाही तरी त्याला लागणारा माल तोडता येतो. एवढं तरी ती शिकली होती.

“आये, मावशीकडे जाऊया? उद्या?”

आई दोर वळत होती. वर न बघता म्हणाली, “जावया. उद्या नको.”

६

अकरा डोळे झाले आणि कवच मिटलं. छताला लागलेलं, खोली भरून उरलेलं. बाराव्या जागी बाबांनी डोळा विणला नव्हता. तिथे पाच कोनांची मोकळी जागा होती, जमिनीपासून हातभर वर. माणूस वाकून आत जाईल एवढी.

राक्षसी विषाणूच्या कवचालाही असं एकच दार असतं. बाकीच्या अकरा कोपऱ्यांसारखं नसलेलं. सेजलने ते दार पाहिलं आणि तिला पुढचं सगळं पाठ असलेल्या धड्यासारखं समोर दिसलं. आधी कवच. मग त्यात दोर भरला जातो, दाबून दाबून, कणभर जागा न सोडता. मग दार बंद. आणि अगदी शेवटी, बाहेरून, सगळीकडे केस येतात. केस आले की काम संपलं.

त्या दिवसापासून आई उंबऱ्यावर नव्हती. आतून तिचा आवाज यायचा. “सेजू, भात उतर गो.” “सेजू, देवाकडे दिवो लावलंस?” रोजचीच वाक्यं, पण जाळीतून गाळून आल्यासारखी. जेवायला ती बाहेर यायची, हसायची, आणि हात धुऊन परत आत जायची. सेजलने एकदा तिचा दंड धरला. आईने तो सोडवला नाही. ती नुसती उभी राहिली आणि लेकीकडे बघत राहिली, शाळेच्या दारात मूल हात सोडत नाही तेव्हा आई बघते तशी. सेजलनेच हात सोडला.

शुक्रवारी सकाळी पोदेराचा भोंपू वाजला. सेजल त्या दिवशी तळ्यावर गेली नव्हती. ती मागच्या खोलीच्या दारात येऊन थांबली.

कवचावर केस होते. बाबांनी नारळाच्या सोडणांचा काथ्या पिंजून कामट्यांच्या सांध्यासांध्यात खोचला होता. तांबूस, बोटभर लांब, सगळीकडून ताठ. वारा नव्हता तरी ते हलत होते. कोपऱ्यात बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची बोटं स्थिर होती.

“आये!”

ती गुडघ्यांवर बसली आणि त्या पाच कोनांच्या दारातून हात आत घातला. आत गरम होतं. तिच्या बोटांना दोर लागला, एकावर एक, घट्ट, मधून सुई जाणार नाही असा. “आये, हात दी. माझो हात धर.”

एका हाताने तिचा हात धरला. सेजलने पाय भिंतीला लावून ओढलं. तिला वाटलं होतं जोर लागेल. आई अलगद बाहेर आली, बुटक्या दारातून बाई वाकून येते तशी, आधी डोकं, मग खांदा. केसांना तेल लावून विंचरलेलं. अंगावर कपाटात जपलेलं हिरवं लुगडं, कोरं.

आईचं अंग दारातून पुरतं बाजूला झालं तेव्हा मागच्या खिडकीतलं ऊन क्षणभर सरळ आत गेलं, आणि सेजलला आतलं दिसलं. आईने सोडलेली जागा रिकामी नव्हती. तिथे पाठमोरं कुणीतरी बसलेलं होतं. तेल लावलेला अंबाडा. आणि त्याच्या पलीकडे, दोराच्या वेटोळ्यात, आणखी एक.

तिने डोळे मिटले आणि आईला घट्ट धरलं. झोप नाही, जागरणं, डोळ्यांसमोर एकच आकार पंधरा दिवस, कुणालाही दिसेल. उघडून बघायचं तिला धैर्य झालं नाही.

“ने तिका,” बाबा म्हणाले. आवाज दमलेला, समाधानी. “नायतर म्हापशाची बस चुकात.”

पडवीत आईची पिशवी भरून ठेवलेली होती.

७

बसमध्ये आई काही बोलली नाही. सेजलने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. मनगट गार नव्हतं, गरमही नव्हतं. रस्त्यातल्या खड्ड्यात बस आदळली की आई आसनावरून वर उडायची आणि कागदासारखी हलकेच परत बसायची. पंधरा दिवस नीट जेवली नाही, सेजलने मनाशी म्हटलं. मावशीकडे गेली की भरेल.

तिने मावशीला फोन केला. “आईक घेऊन येतंय. काय विचारू नको. घरी येऊन सांगतंय.”

“ये गो बाये, ये. पेज घालून ठेवतंय,” मावशी म्हणाली. “शेजारणींक पण सांगतंय. सुमंगलाताय किती वर्षांनी येता!”

म्हापशाच्या स्टँडवर शुक्रवारची गर्दी होती. हळदीच्या पानांचे भारे, माटोळीची रानफळं, पिशव्यांतून डोकावणाऱ्या कोंबड्या. पेडण्याची बस लागायला दहा मिनिटं होती. सेजल आईला खांबाशी उभी करून पाणी घ्यायला वळली आणि समोर अक्षय दिसला. त्याने देवकीचं मनगट धरलं होतं.

“सोडवून आणली,” तो धापा टाकत म्हणाला. डोळे रडून सुजलेले. “रजा टाकून आलो, सकाळी ओढून काढली गं तिला. बाबांनी अडवलं पण नाही. वेर्ण्याला नेतोय. आमच्या बिल्डिंगमध्ये चाळीस घरं आहेत, कुणी ना कुणी लक्ष ठेवेल.”

देवकीचे केस तेल लावून विंचरलेले होते. साडी कोरी. ती आईकडे बघत नव्हती, आई तिच्याकडे बघत नव्हती. तीस वर्षांच्या शेजारणी. दोघींची नजर एकाच उंचीवर, बसच्या पाट्यांवर होती.

सेजलने मान वळवली. वाळपईच्या बसपाशी एक मुलगी एका म्हाताऱ्याला हाताला धरून चढवत होती. पणजीच्या रांगेत एक बाई आपल्या सासूला सावरून उभी होती. तेल लावलेले केस, नवे कपडे, पावलांना लाल माती. किती ताटं कुठे कुठे गेली होती, ते तिच्या वहीत नव्हतं.

आणि तेव्हा तिला समजलं की आपण सबंध वेळ चुकीच्या वस्तूकडे बघत होतो. कवच कुठे जात नाही. ते तर मुळगावात, भाताच्या खोलीत आहे. केसांनंतरही एक टप्पा असतो, सगळ्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेला. बाहेर पडणं. विषाणूला पाय नसतात. त्याला एका घरातून दुसऱ्या घरात जायचं असतं, आणि ते त्याला स्वतःला करता येत नाही. कुणीतरी नेतं.

“पेडणें, पेडणें! पार्सें, पेडणें!” कंडक्टरने पत्रा बडवला.

सेजल हलली नाही. इथेच थांबायचं. आईला घेऊन इथेच, याच बाकावर बसायचं. कुणालातरी फोन करायचा, कुणीतरी येईपर्यंत बसायचं. मावशीच्या दारात पेज घेऊन बसलेल्या शेजारणी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. ज्या गावांसाठी ती समुद्र ओलांडून परत आली होती त्यांतलंच तेही एक. काय करायला हवं ते तिला अगदी स्वच्छ दिसत होतं.

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा.

“दमलंस गो चेडवा?” आई म्हणाली, आणि पदराच्या टोकाने सेजलच्या कपाळावरचा घाम टिपला. कपाळ आधी, मग नाकाचा शेंडा. लहानपणी टिपायची तसाच.

ही आई नसेल, सेजलला वाटलं. आणि असली तर?

अक्षयची बस सुटली. खिडकीतून त्याने हात हलवला.

“बाय, चढता की नाय?” कंडक्टर ओरडला.

सेजलने आईची पिशवी उचलली. पायरीवर तिचा तोल जाऊ नये म्हणून मागून हात लावला, आणि खिडकीची जागा तिला दिली. बस स्टँडाबाहेर पडली. बसमध्ये बसताक्षणी झोपणारी तिची आई ताठ बसून होती. रस्त्याच्या कडेचं एकेक घर येत होतं, आणि ती त्याच्याकडे नीट, सावकाश बघत होती. पडवी, दार, मागची खोली.

पुढे वळण होतं. सेजलने तिच्या कमरेभोवती हात घालून तिला घट्ट धरलं.